नांदेड-लातूरची खासदारकी कुणाच्या वतनाची?
(लातूर येथे डाळमिल कामगारांच्या सभेत झालेले भाषण)



आम्ही चौथी शिकलेली माणसं. आमच्याकडून व्याख्यानाची अपेक्षा करू नका. आम्ही हिशेब सांगायला उभे आहोत. मिलमध्ये शंभर कट्टे पाठीवरून चढवले की चिठ्ठीवर शंभरच लिहिले का, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. अठ्ठ्याण्णव लिहिले तर मुनीमजींची गचांडी धरतो. पण पाच वर्षांतून एकदा आपण जे मत टाकतो, त्याची चिठ्ठी कोण बघतो? कुणीच नाही! म्हणून आज नांदेड आणि लातूर या दोन खासदारकीच्या जागांचा हिशेब काढायचा आहे. १९५२ पासून आजपर्यंत कोण आला, कोण गेला, कुणी आणला आणि कुणी घालवला.

आधी आमचीच गंमत ऐका. आमचं गाव लोहा तालुक्यातलं. सातबारा नांदेड जिल्ह्याचा, कलेक्टर नांदेडचा, कोर्टकचेरी नांदेडची. आणि खासदार? तो लातूरचा! २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ पासून असं चाललं आहे. नांदेड जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा. त्यातल्या भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहा नांदेडच्या खासदाराकडे. किनवट आणि हदगाव गेले हिंगोलीकडे. उरलं लोहा, ते बांधलं लातूरच्या दाव्याला. लातूरवाल्यांनी हसू नये. तुमचा औसा तुमच्याच जिल्ह्यात आहे, पण मत टाकतो उस्मानाबादच्या खासदाराला. २०२४ साली नांदेड शहरानं २६ एप्रिलला मत दिलं आणि आम्ही लोह्याच्या लोकांनी ७ मेला. एकाच जिल्ह्यातल्या सख्ख्या भावाभावांच्या बोटाला शाई लागली ती अकरा दिवसांच्या अंतरानं.

पण रेघा मारणाऱ्यांनी आमच्या मुलखावर रेघा मारल्या त्या काही पहिल्यांदा नव्हेत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. आमच्या आजोबांना तोवर मत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. सरकार म्हणजे गढी, देशमुख आणि दौऱ्यावर येणारा तालुकदार, एवढंच ठाऊक. १९५२ ची पहिली निवडणूक आली तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, ते द्विभाषिक राज्य होतं. महाराष्ट्र म्हणून नाव लागायला १ मे १९६० उजाडावा लागला.

त्या १९५६ च्या कायद्यात काय लिहिलं होतं ते ऐका, म्हणजे अंगावर काटा येईल. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके इकडे आले. आज हेच तीन लातूरच्या खासदारकीचा निम्मा भार उचलतात. भालकी, औराद, हुमनाबाद पलीकडे म्हैसूर राज्यात राहिले. नांदेड जिल्हा इकडे आला, पण अख्खा नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कलं, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही तीन, अशी पाच सर्कलं तोडून आंध्रात टाकली. उलट किनवट आदिलाबादकडून आपल्याकडे आला. आमची एक मावशी भालकीकडे दिलेली. तिच्या आणि आमच्या आईच्या बोलीत आजही फरक नाही, भाकरी तीच, ओवी तीच. मावशी मत टाकते कर्नाटकात, आई टाकते महाराष्ट्रात. कोणत्या गावानं कोणत्या पेटीत मत टाकायचं हे दिल्लीत ठरतं आणि टाकणाऱ्याला नंतर कळतं, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता खासदारांची यादी. १९५२ साली नांदेडातून दोघे निवडून गेले, शंकरराव टेळकीकर आणि देवराव कांबळे, दोघेही काँग्रेसचे. एका मतदारसंघातून दोन कसे, असं तरुण मंडळी विचारतील. त्या काळी काही ठिकाणी जोड मतदारसंघ असत. दोन जागा, त्यातली एक अनुसूचित जातीसाठी राखीव, आणि मतदाराच्या हाती दोन मतं.

१९५७ ची निवडणूक आली. बाबासाहेबांचं महानिर्वाण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीचं वादळ उठलं होतं. मराठवाड्यात मात्र काँग्रेसनं खुंटा घट्ट रोवून ठेवला होता, इथं समितीची डाळ फारशी शिजली नाही. अशा वेळी नांदेडनं काय करावं? देवराव कांबळ्यांना पुन्हा पाठवलं आणि त्यांच्या जोडीला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले दिल्लीला धाडले! ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्या समाजाच्या स्वतःच्या पक्षाचा माणूस नांदेडचा खासदार झाला. निजामाला जाऊन नऊ वर्षंसुद्धा झाली नव्हती. हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. नांदेडची खासदारकी म्हटलं की दोनचार मोठ्या घराण्यांची नावं तोंडावर येतात, सोनुल्यांचं नाव कुणाच्या तोंडावर येत नाही.

१९६१ च्या कायद्यानं जोड मतदारसंघ मोडले. १९६२ ला नांदेडकडून काँग्रेसचे तुळशीदास जाधव गेले, ते सोलापूरकडचे. त्याच साली लातूरची जागा अस्तित्वात आली आणि तिथून काँग्रेसचेच तुळशीराम कांबळे गेले. एकीकडे तुळशीदास, एकीकडे तुळशीराम, दोन्ही दारी काँग्रेसचंच वृंदावन! लातूरला कांबळे १९६७ आणि १९७१ लाही आले. नांदेडला त्या दोन्ही खेपा व्यंकटराव तरोडेकर. या दहा-पंधरा वर्षांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. उमेदवारी मिळाली की निवडून आल्यातच जमा.

आणि मग १९७७ आलं. आणीबाणी उठली होती. जेलमधून सुटलेली माणसं गावोगाव फिरत होती. त्या साली नांदेडनं कंधारचे केशवराव धोंडगे पाठवले आणि लातूरनं उद्धवराव पाटील. दोघेही शेतकरी कामगार पक्षाचे! शेजारशेजारच्या दोन्ही जागा एकाच वेळी शेतकरी-कामगारांच्या नावाच्या पक्षाकडे. धोंडगे म्हणजे आमच्या मन्याड खोऱ्याचा वाघ. बोलायला उभे राहिले की समोरच्याला घाम फुटायचा. शंभरी ओलांडून २०२३ च्या १ जानेवारीला ते गेले. आमचे वडील सांगायचे की त्या निवडणुकीत मोटारी नव्हत्या, पैका नव्हता. सभेला गेलेला माणूस भाकरी घरून बांधून न्यायचा आणि जाताना दोन रुपये देऊन यायचा. आज उलटं झालंय. सभेला जाणारा दोनशे घेऊन येतो आणि वर जेवणाची प्लेट मागतो. त्यात पुढाऱ्याचा दोष आहेच, पण प्लेट धरणारा हात कुणाचा?

तीन वर्षांत गाडी जुन्या रुळावर आली. १९८० ला नांदेडहून शंकरराव चव्हाण, १९८४ ला पुन्हा तेच. लातूरला शिवराज पाटील १९८० ला निवडून आले ते १९९९ पर्यंत हललेच नाहीत. १९८०, ८४, ८९, ९१, ९६, ९८, ९९, सात वेळा! मधल्या काळात, १९८२ च्या १६ ऑगस्टला, लातूर उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला. ते १९९१ ते ९६ लोकसभेचे सभापती होते. लातुरात एक अख्खी पिढी अशी वाढली की तिला दुसरा खासदार ठाऊकच नव्हता. लोक म्हणायचे, ही जागा लिहून दिलेली आहे.

नांदेडात मात्र लोक इतके सोशिक नव्हते. १९८६ ला शंकरराव मुख्यमंत्री होऊन मुंबईला गेले, जागा रिकामी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत एकीकडे त्यांचे चिरंजीव अशोकराव, दुसरीकडे बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर. अशोकराव जिंकले. दोन वर्षं झाली, १९८९ आलं, आणि जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी अशोकरावांना पाडलं. वडील मुख्यमंत्री राहिलेले, सत्ता हाताशी, आणि एका डॉक्टरनं हरवलं! पुढं १९९१ ला सूर्यकांता पाटील, १९९६ ला गंगाधरराव कुंटूरकर, १९९८ आणि ९९ ला भास्करराव खतगावकर, सगळे काँग्रेसचे.

२००४ ला दोन्ही वाडे एकदम ढासळले. नांदेडला भाजपचे डी. बी. पाटील आले. लातूरला सात वेळा निवडून आलेल्या शिवराज पाटलांना भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी पाडलं. आता गंमत बघा. लातूरनं ज्यांना घरी बसवलं, ते राज्यसभेच्या वाटेनं जाऊन देशाचे गृहमंत्री झाले! म्हणजे जनतेनं दाराला कडी घातली की मोठी माणसं खिडकीतून आत येतात. आपल्यासारख्याला कामावरून कमी केलं तर खिडकी कुठं असते?

२००९ ला दोन्ही जागा परत काँग्रेसकडे. नांदेडला खतगावकर. लातूर आता अनुसूचित जातीसाठी राखीव झालं होतं, तिथं जयवंत आवळे, कोल्हापूरकडचे. ते आले आठ हजारांच्या आतल्या फरकानं. २०१४ ला वाटा वेगळ्या झाल्या. लातूरनं भाजपच्या सुनील गायकवाडांना अडीच लाखांवर मतांनी पाठवलं, आणि नांदेडनं अशोकराव चव्हाणांना ८१ हजारांवर मतांनी. साऱ्या महाराष्ट्रात काँग्रेसच्या दोनच जागा राहिल्या, नांदेड आणि शेजारची हिंगोली. तेव्हा सगळे म्हणाले, नांदेड म्हणजे किल्ला. पाच वर्षांनी, २०१९ ला, त्याच किल्ल्यात अशोकराव ४०,१४८ मतांनी हरले आणि भाजपचे प्रतापराव पाटील चिखलीकर जिंकले. त्या वेळी वंचित बहुजन आघाडीच्या यशपाल भिंगे यांना १,६६,१९६ मतं होती. फरकाच्या चौपट! ज्यांना कुणी मोजलं नव्हतं त्यांनी मोजायला लावलं. लातूरला त्या साली भाजपचे सुधाकर शृंगारे २,८९,१११ च्या फरकानं आले. २०२४ ला त्याच लातूरनं त्याच शृंगाऱ्यांना खाली बसवून काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे ६१,८८१ मतांनी पाठवले. दोन लाख एकोणनव्वद हजारांचा ढीग पाच वर्षांत कुठं गेला? मिलमधून एवढा माल गेला असता तर मालकानं पोलीस बोलावले असते.

नांदेडची २०२४ ची कथा तर नाटकात शोभेल. फेब्रुवारीत अशोकराव काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. जाणकार म्हणाले, संपलं, आता निवडणूक घ्यायचीसुद्धा गरज नाही. आणि निकाल? काँग्रेसचे नायगावचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले. २६ ऑगस्टला ते वारले. २० नोव्हेंबरला पोटनिवडणूक लागली, विधानसभेच्याच दिवशी. एकच माणूस, एकच केंद्र, दोन यंत्रं. त्या दिवशी नांदेडच्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीनं जिंकल्या, आणि खासदारकी जिंकली काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी, वसंतरावांच्या मुलानं. फरक किती? १,४५७. दोघा मोठ्या उमेदवारांना मिळून अकरा लाख सत्तर हजारांवर मतं, आणि फरक चौदाशे सत्तावन्न.

हा चौदाशे सत्तावन्नचा आकडा आमच्या छातीत खिळ्यासारखा बसलाय. का, ते सांगतो.

त्या दिवशी इथल्या एका डाळमिलमध्ये, नाव घेत नाही, मुखेड तालुक्यातले आमचे चौदा जण कामाला होते. त्यांची नावं गावच्या यादीत. संघटनेनं आठ दिवस आधी मालकांकडं जाऊन सांगितलं, या पोरांना सुट्टी द्या, पगारासह. मालक म्हणाले, "इथल्या मतदारांना दोन तास सोडतो. बाहेरगावच्यांचं मला सांगू नका. मत टाकून काय तूर पिकते का?" आदल्या संध्याकाळी तिघे जण पिशवी घेऊन निघाले. मुकादमानं फाटकावर विचारलं, "कुठं निघालाव रे?" एकजण म्हणाला, "मत टाकायला जाऊ लालाव, मामा." मुकादम आपलाच माणूस, तो काय करणार? मान खाली घालून बाजूला झाला. तिघांची हजेरी कापली गेली, दोन दिवसांची. उरलेले अकरा राहिले. कुणाच्या पोराची फी होती, कुणी उचल घेतलेली.

२३ तारखेला निकाल लागला. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आम्ही बसलो होतो. त्या अकरांतला एक पोरगा बोटानं हिशेब करत होता. म्हणाला, "मामा, आपल्यासारखे अकरा-अकरा अडकलेले एकशे तेहतीस ठिकाणी धरले तर चौदाशे त्रेसष्ट होतात." आम्ही कागदावर करून बघितलं. बरोबर निघालं. लातूर, नांदेड, पुणे, हैदराबाद, वीटभट्ट्या, बांधकामं, आणि नोव्हेंबरात फडावर गेलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या. एकशे तेहतीस ठिकाणं निघायला कितीसा वेळ लागतो? ती मतं कुणाला पडली असती ते ज्याचं त्याला ठाऊक. त्यात आम्ही नाक खुपसणार नाही. पण नांदेडचा खासदार कोण हे ठरवणारा आकडा आमच्या मिलच्या फाटकाआड कोंडलेला होता.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी आमचंही सांगतो. २०१९ च्या १८ एप्रिलला आम्ही स्वतः मत दिलं नाही. मालकानं अडवलं नव्हतं. तुरीचा हंगाम होता, दुहेरी पाळीचे पैसे मिळत होते, म्हणून गेलो नाही. एका मतानं काय होतंय, असं म्हणालो. आज युनियनचा झेंडा खांद्यावर घेऊन बोलताना ती गोष्ट लपवली तर तुम्ही आमच्यावर विश्वास का ठेवावा?

आता कायदा ऐका. लोकप्रतिनिधित्वाचा १९५१ चा कायदा आहे, त्यात १९९६ साली कलम १३५ ख घातलं. कोणत्याही धंद्यात, व्यापारात, कारखान्यात कामाला असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी सुट्टी दिलीच पाहिजे आणि पगार कापता येत नाही. रोजंदारीवाल्यालाही तो लागू आहे. ज्याच्या गैरहजेरीनं मोठा धोका किंवा मोठं नुकसान होईल असं काम तेवढं वगळलंय. डाळीला पॉलिश करणं त्यात कसं बसतं, ते आम्हाला कुणी समजावून सांगावं! आणि मालकानं हा कायदा मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये! पाचशे रुपयांत आज चुनीचं एक पोतं येत नाही. म्हशीच्या खाद्यापेक्षा मजुराचं मत स्वस्त ठेवलंय. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, पहिला प्रश्न हा विचारा, की दिल्लीत जाऊन हा दंड वाढवणार का?

तोवर आपण आपलं करायचं. पगारवाढीच्या मागणीपत्रात यंदा हे कलम घातलंय, दुसऱ्या क्रमांकावर, बोनसच्या खालोखाल. मतदानाच्या आदल्या दिवसाच्या दुसऱ्या पाळीपासून बाहेरगावच्यांना मोकळीक, हजेरी भरलेली. काही भाऊ म्हणाले, हे कशाला, त्यापेक्षा दोन रुपये जास्त मागा. त्यांना डाळ निवडणाऱ्या आमच्या एका मावशीनं परवा बैठकीत गप्प केलं. ती म्हणाली, "आम्ही रोज खडे निवडताव. पाच वर्साला एकदा मानूस निवडायला सुट्टी मागितली तर कुनाचं पोट दुखतंय?"

त्याच मावशीनं आणखी एक सांगितलं. बायकांची नावं लग्नानंतर माहेरच्याच यादीत पडून राहतात. नाव माहेरी, काम लातुरात, नवऱ्याचं मत तिसरीकडे. एका घराची तीन केंद्रं आणि एसटीचं भाडं एकाचंच परवडतं. मग बाईनंच थांबायचं, हे ठरलेलं. म्हणून नाव कुठं ठेवायचं ते प्रत्येकीनं स्वतः ठरवावं, नवऱ्यानं किंवा मुकादमानं नव्हे. गावी जमीन आहे, गावच्या सरपंचाला जाब विचारायचाय, तर गावी ठेवा. इथंच मुलं शिकतायत, इथल्या नळाला पाणी येत नाही, तर इथं आणा.

सभा संपली की पिंपळाखाली टेबल मांडलंय. नवीन नावासाठी सहा नंबरचा फॉर्म, नाव हलवायचं किंवा दुरुस्त करायचं तर आठ नंबरचा. ज्यांना अठरा पूर्ण होतील त्यांच्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पोरांना सोबत आणा. लिहिता येत नसेल तर आमची दोन मुलं लिहून देतील, अंगठा तुमचा. आधी मुखेड, लोहा आणि कंधारवाल्यांनी रांग लावावी, त्यांची शेवटची गाडी साडेनऊला आहे.